शतपावलीचा हिशेब

जेवणानंतर शंभर पावलं चालणं म्हणजे शतपावली आणि दुपारी घटकाभर डाव्या कुशीवर पडणं म्हणजे वामकुक्षी. स्टेम सेल प्रत्यारोपण करून घरी आलेल्या माणसाला हे दोन्ही शब्द नव्याने शिकावे लागतात. पहिल्या आठवड्यात शंभर पावलं म्हणजे दिवसभराचं काम होऊन बसतं आणि वामकुक्षी संध्याकाळच्या चहापर्यंत लांबते. मग रात्री डोळा लागत नाही. घरातलं कुणीतरी, बहुधा मुलगा किंवा सून, एक स्मार्टवॉच आणून मनगटावर बांधतं. दुसऱ्या दिवसापासून घरात आकडे सुरू होतात. ‘काल फक्त सहाशे पावलं.’ ‘गाढ झोप एकवीस मिनिटं.’ या आकड्यांचं करायचं काय, हे मात्र घड्याळाच्या डब्यातल्या कागदावर लिहिलेलं नसतं. ते इथे समजून घेऊ.

आधी थोडं प्रत्यारोपणाबद्दल. नावात ‘प्रत्यारोपण’ असलं तरी यात शस्त्रक्रिया नसते. रक्त चढवतात तशीच पेशींची पिशवी नसेतून चढते. पेशी स्वतःच्याच असतील तर तो प्रकार ऑटोलोगस. मायलोमा आणि लिम्फोमा या आजारांत तो जास्त होतो. भावाच्या, बहिणीच्या किंवा परक्या दात्याच्या पेशी असतील तर अ‍ॅलोजेनिक. तो ल्युकेमियात, थॅलेसेमियात, अप्लास्टिक अ‍ॅनिमियात होतो. खरा तडाखा पेशींचा नसतो, त्याआधी दिलेल्या जबर केमोचा असतो. त्या केमोने जुनी मज्जा रिकामी होते. पेशी चढवल्या तो ‘डे झिरो’, आणि तिथून दिवस मोजत जायचे. ऑटोलोगसमध्ये साधारण दहा ते चौदा दिवसांत आणि अ‍ॅलोजेनिकमध्ये दोन ते तीन आठवड्यांत नव्या पेशी रुजतात. तोपर्यंत वॉर्डाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाइकांचा एकच प्रश्न असतो : ‘काउंट आले का?’ म्हणजे रक्तपेशींची संख्या वाढू लागली का.

भारतातलं पहिलं यशस्वी अ‍ॅलोजेनिक प्रत्यारोपण मार्च १९८३ मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिली होती. २००७ मध्ये टाटाचं प्रत्यारोपण केंद्र खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या टाटाच्याच संस्थेत गेलं, आणि ठाणे-कल्याणकरांच्या दृष्टीने नकाशाच बदलला. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल गाडी थेट खारघरला जाते. डोंबिवलीहून गाडी केली तर कल्याण-शीळ रस्ता, शिळफाटा, तळोजा आणि मग खारघर. थॅलेसेमियाच्या मुलांसाठी मुंबई महापालिकेचं वेगळं केंद्र बोरिवलीत आहे. आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या उल्हासनगरात सिंधी समाज मोठा आहे आणि त्या समाजात थॅलेसेमियाचे वाहक बरेच आढळतात, त्यामुळे या भागातल्या अनेक घरांना ‘बीएमटी’ (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) हे तीन अक्षरी नाव नवं नाही. लांबून आलेली कुटुंबं रुग्णालयाजवळ खोली घेऊन राहतात. आपल्याकडची माणसं मात्र डॉक्टरांनी परवानगी दिली की घरी येतात आणि ओपीडीला ये-जा करतात. पहिल्या शंभर दिवसांतला मोठा भाग असा स्वतःच्या घरात जातो, आणि तिथे दर चार तासांनी तपासायला येणारी सिस्टर नसते.

तशी ती सिस्टरच झोपमोडीचं पहिलं कारण असते. वॉर्डात रात्रभर ताप आणि बीपी बघायला कुणी ना कुणी येतं, सलाइनचा पंप मध्येच ओरडतो, नसेतून सतत जाणाऱ्या पाण्यामुळे तासा-दोन तासांनी लघवीला उठावं लागतं, आणि पहाटे रक्त घ्यायला सुई येते. तोंड आलेलं, पोट बिघडलेलं, काउंट वाढवायच्या इंजेक्शनाने हाडं ठणकत असलेली. तीन-चार आठवडे असे गेले की दिवस आणि रात्र यांची शरीरातली गाठच सुटते. घरी आल्यावर औषधं आपला वाटा उचलतात. अ‍ॅलोजेनिकनंतर दात्याच्या पेशींनी शरीरावर हल्ला चढवला, म्हणजे जीव्हीएचडी झाला, तर स्टेरॉइड सुरू होतात, आणि स्टेरॉइड झोप उडवतात. प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या टॅक्रोलिमसने हात थरथरतात, शरीरातलं मॅग्नेशियम उतरतं आणि रात्री पोटरीत गोळे येतात. मूत्रपिंडं जपण्यासाठी भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं असतं. ते दिवसा राहून जातं, मग रात्री नऊनंतर तांब्याने भरपाई होते आणि पुन्हा उठबस.

पायांची गोष्ट वेगळी. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात निरोगी वयस्कर माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांचं मांस जवळपास एक किलोने घटलं. ही आजारी नसलेली माणसं होती! आपला पेशंट त्याहून जास्त दिवस आडवा असतो, जेवण नीट जात नसतं, वर स्टेरॉइड असले तर मांडीचे स्नायू खास करून वितळतात. म्हणून घरी आल्यावर बसल्या जागेवरून उठताना हाताचा टेकू लागतो. हा आळस नव्हे, आणि ‘जरा मनाने उभारी धर’ असं सांगून तो जाणार नाही. सांगणाऱ्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आता घड्याळ. त्याच्या पोटात एक इवलीशी चिप असते, तिला अ‍ॅक्सेलरोमीटर म्हणतात. वर-खाली, पुढे-मागे, डावी-उजवी अशा तीन दिशांतली हालचाल ती सेकंदाला अनेकदा टिपते. चालताना हात ठरावीक लयीत हलतो. तशी लय दिसली की घड्याळ म्हणतं, पाऊल पडलं. म्हणजे ते पाय मोजतच नाही, हाताच्या हेलकाव्यावरून पायाचा अंदाज बांधतं. धडधाकट माणूस स्टेशन गाठायला झपझप निघाला असेल तर हा अंदाज चांगला येतो. आपला पेशंट तसा चालत नाही. तो पाय ओढत, भिंतीला हात लावत चालतो. वॉर्डात सलाइनचा स्टँड ढकलत चालतो, तेव्हा हात स्टँडला धरलेला म्हणजे स्थिर, आणि घड्याळाच्या लेखी तो उभाच. शिवाय बऱ्याच घड्याळांत सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजणी सुरूच होत नाही. वन बीएचकेमध्ये पलंगापासून संडासापर्यंत सहा-सात पावलं होतात. दिवसातून वीस वेळा केलेली ही वारी आकड्यात कधी कधी येतच नाही.

उलटही होतं. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या खड्ड्यांतून ओपीडीला जाऊन आलं की मागच्या सीटवर बसल्या बसल्या पावलं जमा झालेली दिसतात. कुणी बरं वाटतंय म्हणून कणीक मळायला घेतली की तिचीही पावलं होतात. उपाय साधा आहे. चालण्याची खास वेळ ठरवायची आणि तेवढ्यापुरता फोन पँटच्या खिशात किंवा घड्याळ पायमोज्यात, घोट्याशी अडकवायचं. हळू चालणाऱ्याची मोजणी घोट्यावर जास्त बरी होते. नाहीतर सरळ गॅलरी मोजा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सात पावलं होत असतील तर चौदा खेपांची जवळजवळ शतपावली झाली. याला चार्जिंग लागत नाही.

‘दहा हजार पावलां’चं भूत मात्र घराबाहेरच ठेवायला हवं. तो आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानात ‘मानपो-केई’ नावाचं पाऊलमापक यंत्र विकायला आलं, आणि त्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचं मापक. जाहिरातीतला गोल आकडा, पुढे जगभराच्या घड्याळांत जाऊन बसला. नुकत्याच घरी आलेल्या पेशंटच्या घड्याळातलं हे लक्ष्य पहिल्याच दिवशी बदलून टाका. रोज संध्याकाळी ‘आज तुम्ही फक्त पाच टक्के पूर्ण केलं’ हे वाचायला कुणाला आवडेल?

घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा लुकलुकतो, तो नाडीसाठी. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यासरशी मनगटात रक्त वाढलं की परत येणारा प्रकाश कमी होतो, ओसरलं की वाढतो, आणि त्या चढउतारांवरून ठोके मोजले जातात. पट्टा सैल असेल, हात हलत असेल किंवा थंडीने बोटं गार पडली असतील तर मोजणी घसरते. पण रात्री शांत पडलेलं असतानाची नाडी घड्याळ बरीच नीट पकडते, आणि माझ्या मते पेशंटच्या दृष्टीने या यंत्रातला सर्वांत कामाचा आकडा तोच आहे. हिमोग्लोबिन उतरलं की हृदयाला जास्त वेळा पंप करावं लागतं, नाडी वाढते. अंगातलं पाणी कमी झालं तरी वाढते. तापात तर एक अंश सेल्सिअसमागे साधारण दहा ठोके वाढतात. रोज बहात्तरच्या आसपास असणारी विश्रांतीची नाडी सलग दोन रात्री नव्वदीला गेली तर तिच्यामागे काहीतरी आहे. काय आहे ते घड्याळ सांगणार नाही. त्यासाठी थर्मामीटर, रक्ताची तपासणी आणि डॉक्टर.

झोपेच्या बाबतीत याच घड्याळाचा आत्मविश्वास जरा जास्तच असतो. झोप खरोखर मोजायची तर डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी टिपाव्या लागतात, डोळ्यांची आणि स्नायूंची हालचाल नोंदावी लागते. ती तपासणी झोपेच्या प्रयोगशाळेत होते. मनगटावरचं यंत्र फक्त दोन गोष्टी बघतं, हालचाल थांबली का आणि नाडी मंदावली का. दोन्ही झालं की ते ‘झोप’ लिहून टाकतं. रात्री दीड वाजता छताकडे बघत, दुसऱ्या दिवशीच्या रिपोर्टचा विचार करत निपचित पडलेला माणूस त्याच्या हिशेबात झोपलेला असतो. म्हणून घड्याळाची झोप खऱ्या झोपेपेक्षा बहुधा जास्त भरते. ‘गाढ’, ‘हलकी’, ‘स्वप्नांची’ अशी जी रंगीत वाटणी दिसते ती तर अंदाजावर उभारलेला अंदाज. ती न बघितलेलीच चांगली. झोपेच्या आकड्यांची काळजी करता करता झोप उडण्याला संशोधकांनी २०१७ मध्ये ‘ऑर्थोसोम्निया’ असं नाव दिलं.

यावर उतारा म्हणजे उशाशी ठेवलेली शंभर पानी वही. धरून चालू की डोंबिवली पूर्वेला, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे एक काका आहेत, मायलोमासाठी ऑटोलोगस प्रत्यारोपण करून पंचविसाव्या दिवशी घरी आलेत. सकाळी चहाबरोबर ते लिहितात : साडेदहाला आडवा झालो, साडेअकराला झोप लागली असावी, तीनदा उठलो, मिळून तासभर जागा होतो, सहाला उठलो. इतकंच. घड्याळाकडे रात्री बघायचं नाही, सकाळी आठवेल तेवढं लिहायचं. साडेदहा ते सहा म्हणजे अंथरुणात साडेसात तास, चारशे पन्नास मिनिटं. त्यातून सुरुवातीचा एक तास आणि मधला एक तास वजा केला की झोप तीनशे तीस मिनिटं. तीनशे तीसला चारशे पन्नासने भागून शंभराने गुणलं की त्र्याहत्तर टक्के. याला झोपेची कार्यक्षमता म्हणतात, आणि पंच्याऐंशी टक्क्यांच्या पुढे असेल तर ती चांगली मानतात. त्याच रात्रीची घड्याळाने सहा तास पन्नास मिनिटं दाखवली तर दोघांत ऐंशी मिनिटांचा फरक पडला, आणि त्यात काका खोटं बोलत नाहीत.

टक्केवारीपेक्षा वहीत शेजारी काय लिहिलंय ते मोलाचं. ‘तीनदा उठलो’च्या पुढे ‘तिन्ही वेळा लघवी’ असं असेल तर पाण्याची वेळ बदलायची. डॉक्टरांनी सांगितलेलं पाणी थेंबानेही कमी करायचं नाही, पण त्यातलं बहुतेक संध्याकाळी सहाच्या आत संपवायचं. ‘पायात गोळे’ असेल तर ते ओपीडीत सांगायचं, मॅग्नेशियम बघतील. स्टेरॉइडची दुसरी गोळी रात्री घेतली जात असेल तर ती दुपारी हलवता येईल का, हे विचारायचं. विचारायचं म्हटलंय, स्वतःहून हलवायची नाही. आणि ‘पहाटे चारला पाणी आलं’ असं लिहिलं असेल, तर ते कल्याण-डोंबिवलीतल्या कुणालाही समजावून सांगायला नको. पंपाचा आवाज, बादल्या, मोठ्या पिंपात पडणारी धार. पाणी भरायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्यावं आणि त्या वेळी पेशंटच्या खोलीचं दार लावून घ्यावं. रुळांलगतच्या घरात गाडीच्या भोंग्याला इलाज नाही. कानात कापसाचे बोळे मात्र नकोत, रात्री पडलं-झडलं तर हाक ऐकू यायला हवी.

दुपारच्या वामकुक्षीवर लोक फार भांडतात. एक पक्ष म्हणतो, बिचाऱ्याला झोपू दे. दुसरा म्हणतो, दिवसा झोपतो म्हणून रात्री जागतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मी पहिल्या पक्षात आहे, शरीर दुरुस्तीला काढलेलं असतं. त्यानंतर मात्र तीनच्या आत, अर्ध्या तासाची, गजर लावून. आणि उठण्याची वेळ रोज एकच, रात्र कशीही गेलेली असो. सकाळी गॅलरीत उजेडात बसून चहा घ्यावा. दिवस-रात्रीची सुटलेली गाठ बांधायला उजेडाइतकं स्वस्त औषध नाही. केमोनंतर आणि काही गोळ्यांमुळे कातडी उन्हाला नाजूक झालेली असते, म्हणून कोवळा उजेड, थेट ऊन नको.

पावलांचं पान असंच. पहिला आठवडा नुसता नोंदीचा ठेवा, लक्ष्य काही नको. काकांची रोजची पावलं चारशे ते सहाशे निघाली तर त्यांची पायरी ती. पुढच्या आठवड्यात त्यात एखादी शतपावली घालायची, म्हणजे सकाळी गॅलरीच्या चौदा खेपा जास्त. बहुतेक जण नेमकी इथे चूक करतात. एका सकाळी बरं वाटतं, माणूस उत्साहात दोन हजार पावलं चालतो आणि पुढचे दोन दिवस पलंगावर काढतो. वहीत ते एक शिखर आणि दोन खड्डे असं दिसतं. असं चित्र आलं की चांगल्या दिवशीच आवरतं घ्यायला शिकायचं. ओपीडीच्या दिवशी तीन मजले उतरून चढले की तोच त्या दिवसाचा व्यायाम. कुठल्या जिन्यावर थांबावं लागलं ते लिहा. मागच्या वेळी प्रत्येक मजल्यावर आणि या वेळी फक्त दुसऱ्यावर, ही प्रगती कुठलंच घड्याळ दाखवणार नाही. आठवड्यातून एकदा, कुणी शेजारी उभं असताना, खुर्चीतून हात न टेकवता अर्ध्या मिनिटात किती वेळा उठता येतं ते मोजा. मांडीच्या स्नायूंची ती परीक्षा.

चालायचं कुठे, हा आपल्याकडचा प्रश्न. ठाण्याच्या तलावपाळीला संध्याकाळी गर्दी, डोंबिवलीच्या फडके रोडला तर विचारू नका. गर्दीत जंतू आणि बांधकामाच्या धुळीत बुरशीचे कण असतात. ते आपल्या-तुपल्याला काही करत नाहीत, पण नवी प्रतिकारशक्ती अजून रांगत असलेल्या माणसाच्या फुप्फुसात घर करू शकतात. ठाण्यापासून कल्याणपर्यंत मेट्रोची आणि इमारतींची कामं चालू आहेत. म्हणून पहिले महिने गॅलरी, गच्ची किंवा इमारतीचं मोकळं आवार, पहाटे माणसं कमी असताना, मास्क लावून. प्लेटलेट वीस हजारांच्या खाली असतील तर जोराचा व्यायाम बहुतेक ठिकाणी बंद ठेवतात. आपल्या केंद्राची मर्यादा फाइलवर लिहून घ्या.

पट्ट्याबद्दल थोडं. कापडी किंवा चामड्याचा नको, घाम मुरतो. सिलिकॉनचा, रोज साबणाने धुतलेला, बोटभर सैल. प्लेटलेट कमी असताना घट्ट पट्ट्याने काळे-निळे डाग उठतात. औषधं द्यायची लाइन ज्या हातात असेल तो हात सोडून दुसऱ्यात बांधा. मनगटावर पुरळ दिसलं तर घड्याळ काढून ठेवा आणि ते पुरळ ओपीडीत दाखवा, जीव्हीएचडीची सुरुवात पुष्कळदा कातडीवरच होते.

डॉक्टरांपुढे फोन उघडून आलेख सरकवत बसू नका, ओपीडीत तेवढा वेळ नसतो. वहीतून तीन ओळी वाचा : गेल्या वेळेपासून पावलं वाढली, तीच राहिली की घटली, रात्री कितीदा आणि कशाने जाग येते, विश्रांतीची नाडी किती. एका दिवसाचा आकडा कुणालाच काही सांगत नाही, आठवड्याची दिशा सांगते. काकांची शेजारच्या पेशंटशी तुलना तर करूच नका. त्यांचं ऑटोलोगस, त्याचं अ‍ॅलोजेनिक, वय वेगळं, औषधं वेगळी. काकांची बरोबरी काकांच्या मागच्या आठवड्याशी. सहाशेवरून हळूहळू दीड हजारावर आलेली पावलं काही कारण नसताना तीन दिवसांत पुन्हा पाचशेवर उतरली, तर पुढच्या ओपीडीची वाट बघू नका, फोन करा. माणूस ‘मी ठीक आहे’ म्हणत असतो, आपल्याकडे तर विशेषच, पण पाय आधी कबुली देतात.

आणि ताप घड्याळावर कधीही सोडू नका. मनगटाच्या कातडीचं तापमान दाखवणारी घड्याळं आली आहेत, ती थर्मामीटर नव्हेत. साधा डिजिटल थर्मामीटर तोंडात धरून १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त दाखवत असेल तर रात्रीचे दोन वाजलेले असोत, पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका, आधी केंद्राला फोन करा. तो नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर, चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, आजच लिहून ठेवा.